अजिंठ्याचे जहागीरदार, हैदराबादचे दिवाण

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, दिल्ली दरवाजातून बाहेर पडून हर्सूल मागे टाकले की जळगावचा रस्ता फुलंब्री, सिल्लोड ओलांडत शंभरएक किलोमीटरवर अजिंठ्याला पोहोचतो. लेण्यांच्या ओढीने निघालेले पर्यटक अजिंठा गावात फारसे थांबत नाहीत. गावाची जुनी तटबंदी आणि वेस गाडीच्या खिडकीतून दिसते आणि मागे पडते. एकोणिसाव्या शतकात मात्र या रस्त्यावर एक अदृश्य सीमा होती. हर्सूलहून निघालेला वाटसरू काही मजलांनंतर निजाम सरकारच्या खालसा मुलखातून एका खासगी जहागिरीत पाऊल टाकीत असे. तेथील वसुली वेगळी, कारकून वेगळे. अजिंठ्याच्या त्या जहागिरीचे धनी होते मीर तुराब अली खान, म्हणजेच पहिले सालारजंग, जे तब्बल तीस वर्षे हैदराबाद संस्थानचे दिवाण होते.

सालारजंग हे नाव उच्चारले की बहुतेकांना हैदराबादचे वस्तुसंग्रहालय आठवते. ते ज्यांनी जमविले ते मीर युसूफ अली खान हे तिसरे सालारजंग, या दिवाणांचे नातू. आजोबांनी आणलेल्या काही मोलाच्या वस्तू त्या संग्रहात आहेत. पण आजोबांची खरी निर्मिती काचेच्या कपाटात ठेवण्याजोगी नव्हती. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड हे जिल्हे जिल्हे म्हणून ज्या कारभारातून आकाराला आले, तो कारभार त्यांनी उभा केला. आणि मराठी मुलखाचा जो एक मोठा तुकडा परत मिळविण्यासाठी त्यांनी अर्धे आयुष्य वेचले, तो वऱ्हाड प्रांत त्यांना अखेरपर्यंत मिळाला नाही.

जानेवारी 1829 मध्ये जन्मलेल्या तुराब अलींच्या घरात दिवाणगिरी जणू वतनासारखी चालत आली होती. पणजोबा मीर आलम यांनी 1799 मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत निजामाच्या फौजेचे नेतृत्व केले आणि पुढे ते दिवाण झाले. आजोबा मुनीर-उल-मुल्क दिवाण होते, चुलते सिराज-उल-मुल्कही दिवाण होते. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने चुलत्यांनी त्यांना वाढविले. फारसी आणि अरबी हे त्या वर्गाचे नेहमीचे शिक्षण. त्याला इंग्रजीची जोड मिळाली, ही त्या काळच्या हैदराबादी उमरावांत दुर्मीळ गोष्ट होती. विशीत पोहोचण्याच्या सुमारास तेलंगणातील काही मुलखाचा कारभार त्यांच्याकडे आला. तेथे डायटन नावाच्या इंग्रज तालुकदाराने घालून दिलेली हिशेबाची शिस्त त्यांनी बारकाईने पाहिली. त्यानंतर घराण्याच्या जहागिरींची व्यवस्था त्यांनी हाती घेतली. जमीन म्हणजे काय, ती कोण कसतो, वसूल कोठे गळतो आणि सावकाराच्या वहीत तो कसा अडकतो, हे त्यांना दिवाण होण्यापूर्वीच ठाऊक झाले होते.

ते ठाऊक असणे गरजेचेही होते, कारण संस्थान कर्जात गळ्यापर्यंत बुडाले होते. पेशकार चंदूलाल यांच्या दीर्घ कारकिर्दीत सावकार, अरब जमादार आणि रोहिले यांच्याकडे तालुकेच्या तालुके गहाण पडले. महसुलाची वसुली मक्त्याने दिली जाई. मक्तेदार रयतेकडून पिळून काढी, सरकारात मोजके भरी आणि पुढच्या साली त्याच्याहून जास्त बोली बोलणारा आला की निघून जाई. शिवाय कंपनी सरकारने निजामाच्या माथी मारलेल्या कंटिन्जंट फौजेचा पगार थकत गेला आणि ते देणे पन्नास लाखांच्या घरात पोहोचले. लॉर्ड डलहौसीने मुलूख मागितला. 21 मे 1853 रोजी तह झाला. वऱ्हाड, नळदुर्ग-धाराशिवचा प्रदेश आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात गेले. तहाची बोलणी करणारे दिवाण सिराज-उल-मुल्क त्यानंतर पाचच दिवसांत मरण पावले. महिनाअखेरीस निजाम नासिर-उद-दौला यांनी दिवाणगिरीची वस्त्रे चोवीस वर्षांच्या पुतण्याला दिली.

ही वस्त्रे त्यांनी हौसेने स्वीकारली नाहीत. डायटन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली अडचण मोकळेपणाने कळविली. चुलत्यांच्या जहागिरी निर्वेधपणे हाती राहिल्या असत्या तर त्यांना तेवढ्यावर समाधान होते. परंतु पद नाकारले तर आपला आणि कुटुंबाचा सर्वनाश होईल, असा सल्ला देशी आणि युरोपियन मित्रांनी दिला होता. त्या काळच्या राजकारणाचे मर्मच या पत्रात आहे. जमीन टिकवायची तर सत्ता हवी आणि सत्ता टिकवायची तर जमीन हवी. त्याच सुमारास इंग्लंड-वेल्समधील मोठे जमीनदार पिढ्यान्‌पिढ्या पार्लमेंटात बसत होते, त्यामागेही हेच गणित होते. फरक इतकाच की तेथे निवडणूक हरली तर इस्टेट जात नसे. हैदराबादेत दिवाणाची गादी गेली की जहागिरीवर जप्तीची टांगती तलवार असे.

तरुण दिवाणाने प्रथम तिजोरी हाती घेतली. गहाण पडलेले तालुके एकेक करून सोडविले, अरब जमादारांची देणी हिशेब करून भागवायला सुरुवात केली, मक्ते मोडून पगारी तालुकदार नेमले. जुन्या पद्धतीत तालुकदार रुपयामागे दोन आणे स्वतःकडे ठेवी. त्याच्या जागी ठरावीक वेतन आले. संस्थानात ठिकठिकाणी नाणी पाडली जात होती आणि प्रत्येक पेठेत बट्टा वेगळा होता. तो गोंधळ आवरण्यासाठी हैदराबादच्या टांकसाळीचा हाली सिक्का पुढे आणला गेला. हे सारे करताना दिवाणाला दोन डगरींवर पाय ठेवून उभे राहावे लागे. एका बाजूला वाड्यातील उमराव, ज्यांचे उत्पन्न या सुधारणांनी आटत होते. दुसऱ्या बाजूला रेसिडेन्सी, जिला प्रत्येक गोष्टीत मत द्यायचे असे.

मग 1857 उजाडले. मे महिन्यात नासिर-उद-दौला वारले आणि अफझल-उद-दौला गादीवर आले, त्याच सुमारास दिल्लीची बातमी येऊन थडकली. जूनमध्ये औरंगाबादेत कंटिन्जंटच्या घोडदळाने उठाव केला. पुण्याहून आलेल्या जनरल वुडबर्नच्या फौजेने तो मोडला आणि पकडलेल्यांना देहान्ताच्या शिक्षा झाल्या. आज क्रांती चौक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागेवरील काळा चबुतरा त्याची खूण सांगतो. उठावात सामील झालेला जमादार चिदा खान साथीदारांसह बुलढाण्याकडून हैदराबादेत आश्रयाला आला. सालारजंगांनी त्याला पकडून रेसिडेन्सीच्या हवाली केले. शहर पेटले. 17 जुलै रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रोहिल्यांचा जमाव रेसिडेन्सीवर चालून गेला. दिवाणांनी रेसिडेंटला आधीच सावध केले होते. हल्ला तोफांनी परतविला गेला. तुर्रेबाज खान पुढे मारला गेला, मौलवी अलाउद्दीन अंदमानात धाडले गेले.

या निर्णयाचे ओझे सालारजंगांच्या नावावरून कधी उतरले नाही, आणि उतरविण्याचे कारणही नाही. हैदराबाद उठले असते तर दक्षिणेतील आणि मुंबई इलाख्यातील चित्र वेगळे दिसले असते, हे इंग्रज अधिकाऱ्यांनाही पुरते कळत होते. दिवाणांनी तराजूचे पारडे इंग्रजांकडे झुकविले, ते भीतीपोटी नव्हे आणि केवळ निष्ठेपोटीही नव्हे. बादशाही संपल्याचे त्यांनी ओळखले होते, आणि संस्थान वाचवून त्याची किंमत नंतर वसूल करायची, असा त्यांचा हिशेब होता. किंमत म्हणजे वऱ्हाड. शहरातील अनेकांच्या लेखी मात्र ते गद्दार ठरले. 1859 मध्ये दरबारातून रेसिडेंटसह बाहेर पडताना त्यांच्यावर हल्ला झाला, 1868 मध्ये पुन्हा गोळी झाडली गेली. दोन्ही वेळा ते बचावले.

हिशेब अर्धाच जमला. 1860 च्या तहाने पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव आणि रायचूर दुआब परत आले, शोरापूरचा मुलूखही मिळाला. निजामाला लाखभर रुपयांच्या आणि दिवाणांना तीसेक हजारांच्या भेटवस्तू आल्या. वऱ्हाड मात्र निजामाच्या नावाने, पण इंग्रजांच्या कारभाराखाली, ठेव म्हणून राहिला. मराठवाड्याच्या इतिहासातील एक मोठा दुवा येथे आहे. धाराशिव परतले म्हणून पुढे मराठवाड्यात राहिले. वऱ्हाड परतला नाही म्हणून त्याचा मार्ग वेगळा झाला. लगेच पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी सुरू झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला सोन्याचे मोल आले. 1867 मध्ये रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोहोचली. मिळालेला ऐवज कोण परत करतो? वऱ्हाडचे उत्पन्न वाढेल तशी तो परत मिळण्याची आशा मावळत गेली.

इकडे नव्या निजामाचा दिवाणावर विश्वास नव्हता. अफझल-उद-दौला यांच्या काळात सालारजंगांना शहराबाहेरील बागेत जायचे असले तरी परवानगी मागावी लागे. एकदा-दोनदा पदच्युतीचा घाट घातला गेला, एकदा त्यांनी स्वतःच राजीनामा पुढे केला. याच अवघडलेल्या दिवसांत त्यांचे सर्वांत टिकाऊ काम झाले. 1865 पासून जिलाबंदी सुरू झाली आणि 1867 पर्यंत खालसा मुलखाचे पाच सुभे आणि सतरा जिल्हे ठरले. प्रत्येक जिल्ह्याला अव्वल तालुकदार, खाली दुय्यम आणि सोयम तालुकदार, तालुक्याला तहसीलदार, न्यायाचे आणि पोलिसांचे खाते महसुलापासून वेगळे. 1868 मध्ये चार सदर-उल-महाम, म्हणजे खातेवार मंत्री, नेमले गेले. धान्याच्या वाट्याची बटाई मागे पडून रोख सारा आला. 1875 च्या सुमारास मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी आणि प्रतबंदी सुरू झाली. शेतकऱ्याचे नाव, त्याचे शेत आणि त्याचा सारा प्रथमच सरकारी कागदावर एकत्र आले. शेतकरी त्यामुळे सुखी झाला असे नव्हे. रोख सारा भरण्यासाठी तो पुन्हा सावकाराच्याच ओट्यावर गेला. पण लहर लागेल तसा आकार बसविणारा मक्तेदार गेला, हेही खरे.

या घडीत मराठी माणसाचे स्थान काय होते, हा प्रश्न येथील वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. जुन्या व्यवस्थेत संस्थानच्या दप्तरांवर वंशपरंपरेने मोठी घराणी बसली होती. त्यांत रायरायान हे मराठी देशस्थ घराणे प्रमुख होते. सारे हिशेब त्यांच्या मुठीत असत. सालारजंगांनी मध्यवर्ती खजिना आणि महसूल मंडळ उभारून ती मूठ सैल केली. नव्या खात्यांसाठी त्यांनी बाहेरून माणसे आणली: मुंबईकडचे पारशी, आणि 1870 नंतर उत्तरेतून सय्यद हुसेन बिलग्रामी, मोहसिन-उल-मुल्क, विकार-उल-मुल्क, चिराग अली यांच्यासारखे बुद्धिमान मुसलमान अधिकारी. माणसे कर्तबगार होती, पण मुल्की आणि गैरमुल्की हा वाद तेथेच रुजला आणि पुढे शंभर वर्षे हैदराबादच्या राजकारणात धुमसत राहिला. कारभाराची भाषा त्यांच्या हयातीत फारसीच राहिली. उर्दू आली ती त्यांच्या मृत्यूनंतर, 1884 मध्ये. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या रयतेला सरकारी कागद दोन्हीपैकी कोणत्याच भाषेत वाचता येत नव्हता.

त्याहून मोठी मर्यादा वेगळीच होती. जिलाबंदी झाली ती खालसा मुलखाची. वऱ्हाड वगळता सुमारे ब्याऐंशी हजार चौरस मैलांच्या या संस्थानात निजामाची खासगी सर्फ-ए-खास, पायगा उमरावांचे तालुके आणि लहानमोठ्या जहागिरी यांचा वाटा प्रचंड होता. तेथे दिवाणाचे नवे कायदे दारातच थबकत. जहागिरीतील शेतकऱ्याला मोजणीही मिळाली नाही आणि अव्वल तालुकदाराकडे दादही मागता आली नाही. खुद्द दिवाणांची जहागीर तीनशेहून अधिक गावांची होती: इकडे अजिंठा, तिकडे दूर कानडी मुलखात कोप्पळ आणि येलबुर्गा, तेलंगणात कोईलकोंडा. ती त्यांनी काटेकोरपणे सांभाळली, असे म्हणता येते. पण संस्थानातील सर्वांत मोठ्या सुधारकाने जहागीरदारीच्या मुळाला हात घातला नाही. घातला असता तर ते एक वर्षही पदावर राहिले नसते. आणि घालावा असे त्यांना वाटले असेल, अशी खूण त्यांच्या कारभारात दिसत नाही. ते जहागीरदार होते म्हणून दिवाण होते, हे ते कधी विसरले नाहीत.

1869 मध्ये अफझल-उद-दौला वारले. वारस मीर महबूब अली खान अडीच वर्षांचे. सालारजंग आणि अमीर-ए-कबीर शम्स-उल-उमरा यांच्याकडे राजप्रतिनिधीपद आले आणि दिवाणांचे हात प्रथमच मोकळे झाले. 1874 मध्ये वाडीहून सिकंदराबादपर्यंत रेल्वे धावली. (औरंगाबादकरांना मात्र आगगाडीची शिट्टी ऐकण्यासाठी 1900 सालाची वाट पाहावी लागली.) आणि वऱ्हाडचा प्रश्न त्यांनी नव्याने उकरला. कंटिन्जंटच्या खर्चासाठीच मुलूख ठेवला असेल, तर त्या खर्चाएवढे व्याज देणारी आठ कोटींची ठेव घ्या आणि मुलूख परत करा, असा रोखठोक प्रस्ताव त्यांनी पाठविला. तर्काला उत्तर नव्हते, म्हणून इंग्रज सरकारने नकार दिला.

1876 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या निमंत्रणावरून ते युरोपला निघाले. रोममध्ये त्यांनी इटलीच्या राजाची आणि पोपची भेट घेतली आणि बेन्झोनी या शिल्पकाराचा बुरखाधारी रेबेकाचा संगमरवरी पुतळा विकत घेतला, जो आज संग्रहालयातील सर्वांत मोठे आकर्षण आहे. पॅरिसच्या हॉटेलात जिन्यावरून पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले. इंग्लंडच्या किनाऱ्यावर त्यांना खुर्चीत बसवून उतरवावे लागले. तरीही दौरा थांबला नाही. विंडसरला राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, ऑक्सफर्डने सन्माननीय पदवी दिली, लंडन शहराने मानाचे नागरिकत्व दिले. सदरलंडच्या ड्यूकने, ज्याच्याएवढी जमीन ब्रिटनमध्ये क्वचितच कुणाकडे असेल, त्यांचा पाहुणचार केला. त्या दिवाणखान्यांत सालारजंग अवघडलेले नव्हते. हजारो एकरांचे मालक आणि पिढीजात राजकारणी, ही भाषा त्यांना परकी नव्हती. तेथील उमरावांपुढे त्यांनी वऱ्हाडची बाजू मांडली आणि सहानुभूतीही मिळविली.

तीच सहानुभूती त्यांना भोवली. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांना हा दिवाण डोईजड वाटू लागला. 1877 च्या जानेवारीत दिल्ली दरबारला सालारजंग दहा वर्षांच्या निजामाला घेऊन हजर राहिले. पण त्याच वर्षी सहकारी राजप्रतिनिधी वारल्यावर त्या जागी त्यांचे जुने विरोधक रशीद-उद-दीन खान यांना रेसिडेंट रिचर्ड मीड यांनी बसविले. त्यांच्या इंग्रज खासगी चिटणिसाला संस्थान सोडावे लागले. निजाम सज्ञान होईपर्यंत वऱ्हाडची चर्चा नको, असे लंडनहून कळविण्यात आले. वीस वर्षांपूर्वी रेसिडेन्सी वाचविणाऱ्या माणसाला आता रेसिडेन्सीनेच जागा दाखविली होती. 1881 मध्ये रशीद-उद-दीन खान वारले तेव्हा कुठे कारभार पुन्हा त्यांच्या एकट्याच्या हाती आला.

निजाम 1884 मध्ये सज्ञान होणार होते. त्यापूर्वी त्यांना युरोप दाखवावे, असा दिवाणांचा बेत होता. फेब्रुवारी 1883 मध्ये मेक्लेनबुर्गचे ड्यूक पाहुणे म्हणून आले होते. त्यांच्यासाठी मीर आलम तलावावर सहल झाली. शहराला पाणी पुरविणारा हा तलाव सालारजंगांच्या पणजोबांनीच बांधविलेला. त्या सहलीनंतर रात्रीत पटकीने त्यांना गाठले आणि दुसऱ्या दिवशी, 8 फेब्रुवारी रोजी, त्यांचा मृत्यू झाला. वय चोपन्न. हैदराबादेत दायरा मीर मोमीन येथे घराण्याच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली.

पुढच्या वर्षी निजाम सज्ञान झाले आणि सालारजंगांचे थोरले पुत्र लायक अली खान दिवाण झाले. तीन वर्षांत त्यांना पद सोडावे लागले आणि 1889 मध्ये ते तरुणपणीच वारले. वऱ्हाडचा निकाल 1902 मध्ये लागला. लॉर्ड कर्झन यांनी हैदराबादेत येऊन महबूब अली खान यांच्याकडून वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमचा पट्टा लिहून घेतला. पुढे वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला, आणि मराठवाडा व विदर्भ हे शेजारी 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात येईपर्यंत वेगवेगळ्या छपरांखाली राहिले. 

अजिंठ्याची जहागीर नातवाकडे, युसूफ अली खान यांच्याकडे आली. ते मार्च 1949 मध्ये निपुत्रिक वारले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये हैदराबादच्या लष्करी प्रशासनाने हुकूम काढून संस्थानातील सर्व जहागिरी रद्द केल्या. हर्सूलहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची सीमा पुसली गेली, आणि जहागिरीतील गावे त्याच जिल्ह्याच्या दप्तरात दाखल झाली, ज्याची घडी अजिंठ्याच्या जुन्या जहागीरदाराने ऐंशी वर्षांपूर्वी आपली जहागीर वगळून बसविली होती.